जिभांच्या रंगावरून जांभळाचे झाड तोडण्यास हरकत

दिनांक : २० जून २०२५

प्रति,
मा. वृक्ष अधिकारी,
उद्यान विभाग.

विषय : अमृतछाया सहकारी गृहनिर्माण संस्था, खांदेश्वर, नवी मुंबई येथील जांभळाचे झाड आरोग्याच्या कारणास्तव तोडण्यास हरकत घेणेबाबत.

संदर्भ : १) सदर झाडाच्या खोडावर लावलेली जाहीर नोटीस.
२) संस्थेच्या विशेष सर्वसाधारण सभेत एकमताने झालेला ठराव (एक मत माझे नव्हते, पण मोजताना ते दिसले नाही).

महोदय,

१. मी, सौ. वैजयंती कमळाकर मोंडकर, एका शाळेच्या कार्यालयातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले आहे. दुसऱ्यांचे अर्ज तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली, त्यामुळे अर्ज लांबला की वाचणाऱ्याचे काय होते हे मला ठाऊक आहे. तरीही हा अर्ज लांबणार आहे. नोटिशीत झाड तोडण्याचे कारण ‘रहिवाशांच्या आरोग्यप्रवाहातील अडथळा’ असे दिले आहे. ते कारण कसे जन्मले, हे सांगितल्याशिवाय माझी हरकत कळणार नाही.

२. माझे यजमान श्री. कमळाकर पावणे येथील एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढीत. त्यांची रेघ पट्टीशिवाय सरळ येत असे. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय पुष्कळसा परत आला, बोलणे एकेका शब्दापुरते आले, उजवा हात मात्र आला नाही. पेन्शनसाठी हयातीचा दाखला देताना बँकेत त्यांचा अंगठा उमटवून घेतला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मीही जेवले नाही, पण ते कोणी विचारले नाही. व्यायामासाठी त्यांना रबरी चेंडू दिला होता. तो त्यांनी डाव्या हाताने सोफ्याखाली टाकला.

३. मेंदूच्या डॉक्टरांची औषधे चालू ठेवून, त्यांच्याच संमतीने, आम्ही डॉ. अबोली सामंत यांचे अॅक्युपंक्चर सुरू केले. मला या प्रकाराचा भरवसा नव्हता आणि आजही पुरता बसला आहे असे मी लेखी देणार नाही. मात्र त्यांची पद्धत नमूद करणे भाग आहे, कारण पुढील सर्व प्रकरण त्या पद्धतीच्या अर्धवट आकलनातून उद्भवले आहे. डॉ. अबोली दुखण्याचे नाव विचारण्याआधी माणसाची झोप, भूक, घाम, राग आणि काळजी विचारतात. मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी इतका वेळ पाहतात, की आपण काहीतरी लपवत आहोत असे आपल्यालाच वाटू लागते. मग जीभ पाहतात. त्यांच्या चिनी शास्त्राप्रमाणे शरीरात ‘ची’ नावाचे चैतन्य ठरलेल्या वाटांनी फिरते. ते फिरते तोवर माणूस बरा, अडले की आजारी. सुई केसाएवढी बारीक असते आणि ती दुखऱ्या जागीच टोचतील असे नाही, कारण वाट भलतीकडेच अडलेली असू शकते. हे मला लगेच समजले. आमच्या शाळेत शिपायाची रजा अडली, की कागद मुख्याध्यापकांकडे कधीच नसे, तो ग्रंथालयात सापडे. डॉ. अबोली यांचे आणखी एक म्हणणे होते, “काकू, सुई फक्त वाट मोकळी करते. चालायचं काकांनाच आहे.”

४. काका काही चालत नव्हते. दुपारनंतर ते खाली जाऊन जांभळाच्या झाडाजवळ खुर्चीवर बसत, एवढेच. फळे पडून फुटू नयेत म्हणून आम्ही बायका दर हंगामात झाडाखाली जुनी चादर चारी कोपरे ताणून बांधतो. जाणारा येणारा त्यातले एखादे जांभूळ तोंडात टाकतो. यजमानांच्या सदऱ्याची उजवी बाही रोज जांभळी होऊन येई आणि मी रोज त्यांच्यावर चिडे.

५. जूनच्या पहिल्या रविवारी संस्थेने डॉ. अबोली यांचे मोफत तपासणी शिबिर त्याच झाडाशेजारी, मंडप घालून ठेवले. जीभ न घासता यावे, कारण जिभेवरचा थर पाहायचा असतो, अशी सूचना लिफ्टमध्ये लावली होती. परंतु डॉक्टरांपुढे जीभ काढायची आणि ती घासलेली नाही, हे आमच्यापैकी कोणालाच पटले नाही. सर्वजण टंग क्लीनर फिरवून, नेहमीपेक्षा स्वच्छ जिभा घेऊन हजर झाले. थर गेला, रंग राहिला. आणि रंग, महोदय, सर्वांचा जांभळा निघाला. या शास्त्रात जांभळी जीभ म्हणजे रक्त साकळल्याचे लक्षण. डॉक्टर गोंधळल्या. सकाळपासून काय खाल्ले, असे त्यांनी प्रत्येकाला विचारले आणि प्रत्येकाने ‘काही नाही’ असे सांगितले. यात कोणी खोटे बोलले असे माझे म्हणणे नाही. रांगेत उभ्याउभ्या चादरीतून उचलून तोंडात टाकलेले जांभूळ आमच्याकडे खाण्यात धरले जात नाही. खाणे म्हणजे ताट लागते. डॉक्टरांनी कागदांवर तेच निदान लिहून पुढे प्रश्नचिन्ह केले आणि पुन्हा तपासायला बोलावले.

६. संस्थेचे अध्यक्ष श्री. दिलीप बोरवणकर यांचा खांदा आखडला होता. डॉक्टरांनी सुई त्यांच्या नडगीवर टोचली. काम चुकीच्या ठिकाणी चालू आहे, अशी त्यांनी प्रथम तक्रार केली. दुसऱ्या दिवशी खांदा थोडा हलका झाल्यावर मात्र त्यांना हे शास्त्र संपूर्ण समजले. विशेष सभेत त्यांनी सर्व निदाने वाचून दाखवली (प्रश्नचिन्हे वाचली नाहीत) आणि दुखणे एकीकडे तर कारण दुसरीकडे असते, हे तत्त्व मांडले. सगळ्या इमारतीचे रक्त साकळले आहे, तर अडथळा इमारतीच्या बाहेर असला पाहिजे. फाटकातून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेत उभी अशी एकच वस्तू आवारात आहे, ती म्हणजे जांभळाचे झाड. ते काढल्यास प्रवाह मोकळा होईल आणि ओघाने दोन गाड्याही उभ्या राहतील, असा ठराव झाला. टाळ्या दुसऱ्या वाक्याला पडल्या.

७. त्यानंतरच्या आठवड्यात लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती, त्यामुळे यजमान दोन दिवस खाली गेले नाहीत. डॉ. अबोली घरी आल्या, जीभ पाहिली, तर ती साधी गुलाबी. एका आठवड्यात साकळलेले रक्त वाहू लागले असेल, तर हा आपल्या सुईचा गुण की आणखी कशाचा, हे त्यांना कळेना. त्यांनी मला विचारले, खाण्यात काही बदल नाही असे मी सांगितले. तेव्हा यजमानांनी टीपॉयवरच्या वाटीकडे हात नेला. वाटीत मी नुकतीच खालून आणलेली जांभळे होती. त्यांनी एक जांभूळ चिमटीत धरले, ते निसटले, दुसरे धरले, तोंडात टाकले, चघळले, बी काढून वाटीत ठेवली आणि डॉक्टरांपुढे जीभ बाहेर काढली. ती जांभळी होती. सर्व शिबिराचा उलगडा झाला होता, पण डॉक्टर जिभेकडे पाहतच नव्हत्या. त्या म्हणाल्या, “काका, परत करा.” मला कळायला थोडा वेळ लागला. हात उजवा होता.

८. रोज चादरीवरची जांभळे उचलायचा सराव ते खाली बसून करीत होते आणि मी बाहीवरून त्यांना बोलत होते. रबरी चेंडू दाबून काय मिळते? जांभूळ उचलले तर जांभूळ मिळते. हात सुईने आला, औषधाने आला की चादरीने, याचा निवाडा मी आपल्याकडे मागत नाही. डॉ. अबोली यांनी आपले निदान जांभळामुळे चुकले, असे पत्र संस्थेला त्याच दिवशी दिले. अध्यक्षांनी ते वाचून मला सांगितले, “मॅडम, ठराव झालाय. आता जीभ बदलली म्हणून ठराव बदलत नाही.” निदान फिरवणाऱ्या डॉक्टरांपेक्षा त्यांचे पहिले निदान अधिक विश्वासार्ह आहे, असेही त्यांचे मत आहे.

९. या न्यायाने स्टेशनबाहेरची काळा खट्टा गोळ्याची गाडी ही साथीच्या रोगाचे केंद्र ठरते, हे आपल्या नजरेस आणते. तसेच, ही नोटीस संस्थेच्या सुरक्षारक्षकाने खोडात दोन इंची खिळा ठोकून लावली आहे. डॉ. अबोली सुई टोचण्यापूर्वी निदान नाडी तरी पाहतात.

१०. सबब विनंती की, परवानगी देण्यापूर्वी आपण समक्ष पाहणीस यावे. येताना जीभ घासू नये. सोबतच्या पुड्यातील तीन जांभळे खाऊन आरशात पाहावे आणि आपले रक्त साकळले आहे असे वाटल्यास झाड जरूर तोडावे. तसे न वाटल्यास संस्थेचा अर्ज फेटाळून तो खिळाही काढून घ्यावा. यजमानांची बोटे अजून पूर्ण मिटत नाहीत. पुढच्या हंगामातही त्यांना उचलायला काहीतरी पडलेले हवे आहे, आणि मलाही धुवायला ती बाही हवी आहे.

११. हा अर्ज लिहून झाल्यावर दुसऱ्या अर्जदारांच्या (यजमानांच्या) अंगठ्यासाठी मी शाईचे पॅड उघडून पुढे ठेवले. त्यांनी ते बाजूला सारले आणि म्हणाले, “पेन.” खालील सही ‘कम’ पर्यंत ओळीवर असून पुढे उताराला लागली आहे, ती अवाचनीय समजू नये. शेजारचा जांभळा डाग पॅडच्या शाईचा नाही.

सोबत : १) डॉ. अबोली सामंत यांच्या पत्राची प्रत. २) जांभळे, एक पुडा (नाशवंत आहेत, निर्णय त्यापूर्वी व्हावा).

आपल्या पाहणीच्या प्रतीक्षेत, झाडाखालचे नम्र रहिवासी,

१) सौ. वैजयंती कमळाकर मोंडकर

२) कमळाकर मोंडकर (उजव्या हाताने)