जीपची टक्

३ नोव्हेंबर १९६१, यवतमाळ

नेरला बाळंतीण अडलेली, आणि स्टार्टर दाबला की जीप नुसती टक् करायची. ढकलूनही चालू होईना. दोन तासांनी रहीममिस्त्री सापडले. बॉनेट उघडताच त्यांनी बॅटरीच्या टोकावरची पांढरी बुरशी दाखवली. "डॉक्टरबाई, याच्यावर नारळपाणी कायले सांडलं?"

दसऱ्याच्या पूजेत मीच शिंपडलं होतं. "पुसून घेऊ का?" ड्रायव्हर किसननं तेव्हाच विचारलं होतं. "तीर्थ पुसतात का?" मी दटावलं.

गरम पाण्यानं टोक धुतलं, तार आवळली. पाच मिनिटांचं काम.

पोचलो तेव्हा बाळ गेलेलं. आई वाचली. तिच्या सासूनं विचारलं, "येवढा उशीर काहून झाला, बाई?"

"ड्रायव्हरनं गाडी नीट ठेवली नाही." हे मी म्हणाले. मी!

किसननं मान खाली घातली.  परत आल्यावर दवाखान्याच्या फाटकाशी उतरताना म्हणाला, "बॅटरी पुसून ठेवतो, बाई."

ती टक् अजून कानात आहे.