ढाण्यानं कोकरू खाल्लं नाही

मंद्रूप,
ता. २२ जानेवारी १९२९

प्रिय धुळा,

खुशालीचं मागाहून लिहीन, नाहीतर लिहिणारही नाही. आधी मला तुझ्याशी भांडायचं आहे. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत तुझ्या कंपनीचा सिनेमा आला होता. त्यात आपला ढाण्या आहे, हे दसऱ्यानंतर त्याला परत आणून सोडलास तेव्हा तूच फुशारकीनं सांगितलं होतंस. म्हणून तुझे आण्णा एकटे आले नाहीत. तुमच्या मेंढरांच्या वाड्यातली, बरोबर हिंडणारी सगळी बिऱ्हाडं, बाया, म्हातारेकोतारे त्यांनी तंबूत आणून बसवले. आण्णांनी नवा पटका बांधला होता. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ते सांगत होते की पडद्यावर येणारा कुत्रा माझा आहे, आणि त्याच्याबरोबर असणारा माझा लेकही तिथंच कुठंतरी उभा असेल. बाप म्हणून तुझा केवढा अभिमान त्यांना!

आणि तुम्ही काय दाखवलंत? ज्याच्या गळ्यात जन्मात दोरी पडली नाही, तो आपला कारवानी कुत्रा साखळदंडानं एका दुष्ट जहागीरदाराच्या दारात बांधलात. तुम्हा सिनेमावाल्यांना कुत्रं उंचपुरं दिसलं की ते राक्षसाचंच वाटतं. त्याच सिनेमात एक केसाळ विलायती कुत्रं आहे, त्याला मात्र नायिकेच्या मांडीवर जागा. खरं सांगू, तसलं कुत्रं लांडगा बघून पहिलं पलंगाखाली शिरेल. आमचा माळावरचा कुत्रा मात्र दिसला की पापी! त्याचं लांब हाडकुळं तोंड, खोल छाती, मुकाट बघायची सवय, हे सगळं तुमच्या लेखी क्रौर्य. अरे, तो भुंकत नाही तो शहाणा आहे म्हणून.

मग ते कोकराचं दृश्य आलं. मागं राहिलेलं कोकरू ढाण्या कसा आणतो हे मी तुला सांगायला नको. मेंढीचं दूध पिऊन कोकरांतच वाढलेला तो. मानेची कातडी ओठांत धरल्यासारखी धरतो आणि आईपाशी नेऊन ठेवतो. पडद्यावर तो तसाच आला, तोंडात कोकरू. आण्णा ताडकन उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "आला बगा घिऊन. दात सुदीक लावत न्हाय त्यो."

त्यांचं बोलणं पुरं होईतो पुढचं चित्र आलं. कोकरू आडवं पडलेलं, अंगभर काळं रगत. न वाचता येणाऱ्यांसाठी एक मास्तर पडद्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होता, त्यानं 'नरकातला श्वान' असं खच्चून वाचलं. लोकांनी शेंगांची टरफलं पडद्यावर फेकली. नायकानं ढाण्याला गोळी घातली तेव्हा शिट्ट्यांनी तंबू डोक्यावर घेतला. आण्णा उभेच होते. शेवटी मागच्यानं पटक्याचा शेव ओढून त्यांना खाली बसवलं.

तो रंग कुणी कालवला मला माहीत नाही. पण कोकरू ढाण्यापुढं तूच सोडलं असशील, कारण तिथं दुसऱ्या कुणाचं तो ऐकणार नाही. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम तू त्याच्याकडून करून घेतलंस आणि त्याच कामाचा गुन्हा करून टाकलास. मला संताप येतो तो याचा. ते कोकरू जिवंत होतं का, हे मी तुला विचारणारही नाही. मी ढाण्याला ओळखतो.

वाड्यातली माणसं मात्र आता त्याला ओळखेनाशी झाली. कोकराच्या रक्ताची चटक लागलेला कुत्रा वाड्यात ठेवायचा नाही, हा तुमचाच नियम. सिनेमात मेलेला ढाण्या तळावर परतल्यावर शेपूट हलवत समोर आला, म्हणजे गोळी खोटी, एवढं त्यांनी मानलं. पण कोकरू खरं! वाड्याचा कारभारी तिप्पण्णा म्हणाला, "आमी आमच्या डोळ्यांनी बगितलं की." डोळ्यांपुढं कुणाचं काय चालणार? आण्णांनी कुत्र्याला मारावं, नाहीतर वाडा सोडावा, असं ठरलं.

आण्णांनी वाडा सोडला. सध्या त्यांची मेंढरं आमच्या रानात बसली आहेत. एरवी सगळा वाडा बसायचा तिथं आता एकच पाल आहे. तुझी आई केराबाई मेंढरांभोवती वाघुरीची जाळी एकटीच ठोकते. माझी आई भाकरी घेऊन जाते, तर केराबाई तिला तुझ्या तब्येतीचं विचारते, जणू आम्हालाच तुझी पत्रं येतात. परवा लांडगे वाघुरीपर्यंत आले. ढाण्यानं हुसकावले, पण कान फाटला. अमावस्येनंतर वाडा भीमेकाठाला उठेल. मग आण्णांना एकट्यानंच मेंढरं हिंडवावी लागतील, या वयात.

तिप्पण्णा वाईट माणूस नाही. तो म्हणतो, धुळा तिथं हजर होता ना? मग त्यानं बिरोबापुढं भंडारा उचलावा आणि ते रगत खोटं होतं असं शपथेवर सांगावं. आम्ही आण्णांना कुत्र्यासकट सन्मानानं परत घेऊ. मी लगेच म्हटलं, आजच पत्र टाकतो. तेव्हा आण्णांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "नगं लिवू, शिवयोगी. त्येला कळलंच न्हाय म्हनून त्यो आला न्हाय, असं म्हनून मी जगीन. बोलावून आला न्हाय, तर मग मी काय करू?"

मी लिहिणार नाही असा शब्द दिला, आणि तो आता मोडतो आहे. तेव्हा धुळा, अमावस्येच्या आत ये. आणि बापानं विचारलं तर सांग, मला कुणी बोलावलं नव्हतं, मी आपणहून आलो.

अजून तरी तुझाच,
शिवयोगी