सपाट रायपुरातली घळ

४ एप्रिल २००२
घळ, घळ, घळ! सकाळपासून घरात दुसरा शब्द नाही. पाडव्याला इथल्या मराठी मंडळात ह्यांचं भाषण आहे— डोंगरातल्या पोकळ जागांचे मराठी शब्द! कपार म्हणजे कड्यातली खाच. घळ म्हणजे पाण्यानं कोरलेली, खोल, अरुंद. खोरं नदीचं, ऐसपैस. चहात साखर घातली काय विचारलं, तर म्हणतात, "वनमाला, माणूस कपारीत लपते, घळीत राहते, खोऱ्यात शेती करते." बरं बाई! रायपूर पोळपाटासारखं सपाट. इथं कोण कुठं लपते?

५ एप्रिल
आमच्या देवश्रीले नोकरी लागली! नव्या राज्याच्या खनिज खात्यात. जशपूरच्या डोंगरात दगड तपासायचे. पोट्टी घरभर नाचली. हे म्हणाले, "एकटी पोरगी डोंगरात? काही गरज नाही." ती फणकारली, हिंदीतच— "आपको घळ पर भाषण देना है, और बेटी घळ देखे भी नहीं!" वीस तारखेच्या आत रुजू व्हायचं आहे.

७ एप्रिल
हसून हसून पोट दुखलं! ह्यांच्या रविवारच्या मराठी वर्गातल्या पोरांनी विचारलं, घळ दिसते कशी? तर हे सगळ्यांना घेऊन गेले शंकर नगरले. राजधानी झाल्यापासून तिथं रस्ता खोदूनच ठेवला आहे. काठावर उभं करून म्हणतात, "ही अशी!" देवश्री सोबत होती. म्हणाली, "बाबा, ये तो नाली है!" खोदणाऱ्या मुकादमानंही मान हलवली— "हव, नाली हे."

९ एप्रिल
बापलेकीचा अबोला. मधात मी, टपालवाली.

१३ एप्रिल
पाडवा. भाषण झकास झालं, खोटं काहून बोलू? टाळ्या पडल्या. मग अध्यक्ष मीराताई उठल्या, "श्यामकांत भाऊ, तुम्ही स्वतः घळ पाहिली काय?"
मले वाटलं, आता नालीच सांगतात! पण ह्यांनी चष्मा काढला. "नाही. माझी पोरगी पाहणार आहे. सोमवारी निघते."
कडुनिंबाची चटणी तोंडात तशीच राहिली माझ्या. देवश्री उठून बाहेर गेली. रडत होती, वेडी.

१५ एप्रिल
बस गेली. घरी आल्यावर हे म्हणाले, "मले डोंगराचं भेव नव्हतं. ती आता पाहुणी म्हणूनच येईल, त्याचं होतं."
मले हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. म्हणून तर इतकी हसून राहिली होती मी; नाहीतर मीच आधी रडली असती.