कावळा यायच्या आधी

गौरीचे बाबा,

तुम्ही सुटलात, आणि इकडं तुमच्या लेकीनं माझा जीव खाल्लाय! मुंबईला जाऊन चार वर्षं शिकणार म्हणे. काय? तर ज्यांची वाचा गेली त्यांना बोलतं करायचं! मी म्हणाले, "अगं, बोलायला कुणी शिकवतं व्हय? माझ्याकडं बघ. चौथी शिकले, पण तोंड कधी बंद हाय का?" तर म्हणते, "तेच तर, आई."

सोमवारी तिची गाडी आहे. भाऊजी शिरोळचं स्थळ धरून बसलेत. मी कुणाचं ऐकू? म्हणून तुम्हालाच लिहिते.

गुळाच्या सौद्यात तुमचा आवाज पार रस्त्यापर्यंत यायचा. अर्धांगवायूनं नेमका तोच नेला. दवाखान्यातल्या त्या मॅडम तुम्हाला चित्रं दाखवायच्या, तांब्या, चप्पल, बैल, आणि गप बसून वाट बघायच्या. मला कुठला धीर! तुम्ही "तां..." म्हणायच्या आत मीच "तांब्या!" मॅडम म्हणाल्या, "काकू, तुम्हाला येतंय ते. त्यांना बोलू द्या की." मला राग आला. दुसऱ्या दिवसापासून तुमच्याबरोबर गौरीला पाठवलं.

आणि तिच्यासमोर तुम्ही अख्खा "तांब्या" म्हणालात! माझ्यासमोर का नाही हो?

शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझा हात धरलात. "गौ... गौरी..." पुढं नुसते ओठ हलत राहिले. मी लगेच, "गौरीचं लगीन ना? लावते की!" तुम्ही डावा हात खाटेवर आपटलात. मी धरून चालले, व्हय म्हणालात. गौरी म्हणाली, "आई, बाबा न्हाय म्हणत्यात. थांब जरा." चुलीवर दूध होतं. मी उठले.

दूध उतू गेलंच तसंही.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. झाडावर बसलेले, खाली येईनात. मी ओरडले, "गौरीचं लगीन लावते!" एकही हलला नाही. गौरी म्हणाली, "अजून थांबूया." मला उन्हाची आणि पावण्यांच्या जेवणाची घाई. भटजींना म्हणाले, "करा दर्भाचा कावळा अन् शिववा." गवताचा कावळा शिवला आणि आम्ही घरी आलो.

तुमचं बोलणं मी तिथंही पुरं करू दिलं नाही. वर्षभर हेच खातंय मला. काय सांगायचं होतं तुम्हाला?

आता रविवारी वर्षश्राद्ध. पान वाढून घरामागं परड्यात ठेवीन. एकदाच म्हणेन, "गौरीला शिकायला पाठवते." मग तोंडाला कुलूप. जेवणं खोळंबू देत, भाऊजी ओरडू देत. शब्द देते, मधे बोलणार नाही.

पण तुम्हीही आता ताटकळत ठेवू नका. रविवारी, दिवस मावळायच्या आत उत्तर पायजे. तुमचं. माझं नको.

तुमची
सुशीला