दोन डाव्या बाह्या

३ जून

चि. भाचीबाईस मामाचे आशीर्वाद,

माझं डोकं ठिकाणावर आहे. चाळीस वर्षं कात्री धरलीय, मला कुणी शिकवू नये. तू लिहिलंस, तुझ्या प्रयोगशाळेतले साखर झालेले उंदीर पाण्याखालची पायरी कुठे ते विसरतात, हौदात गोल गोल पोहत राहतात. राहू देत. त्यांना कामधंदा नाही, मला शिवणकाम आहे. साखर मलाही आहे, पण तो विषय तू काढला नाहीस, मीही काढत नाही.

मामीनं कळवलं असेलच, म्हणून सांगतो. वकिलाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या गेल्या. कापड दुहेरी न घालता एकेक कापलं की होतं असं, कुणाचंही. गोळ्या घेतो, आठवण झाली की. मामी म्हणते, दुकान बंद करा. उचलली जीभ लावली टाळ्याला.

माया आहेच, लिहायला नको.
मामा

१५ जून

ती. मामांना नमस्कार,

मामीनं काहीच कळवलं नव्हतं. बाह्यांचं तुमच्याकडूनच कळलं.

उंदरांचं मी अर्धंच लिहिलं होतं. सुरुवातीपासून इन्सुलिन दिलेल्यांना पायरी सापडते. उशिरा दिलेल्यांना तितकीशी नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि एका बाहीवरून मी काही ठरवत नाही. पण ‘आठवण झाली की’ हे तीनदा वाचलं. दुकान बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त डॉक्टरांना दाखवून या.

रागवा, पण लोभ आटू देऊ नका.
तुमची भाची

२ जुलै

चि. भाचीबाईस आशीर्वाद,

जाऊन आलो. रक्त दिलं. डॉक्टर पोरसवदा. शंभरातून सात-सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला लावलं. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले. दोन सांगितले. तिसरा घरी येताना जिन्यात आठवला. मामीला ऐकवला, तर म्हणाली, मला काय सांगता, त्याला सांगायचा होता.

कात्री आता तिच्या ताब्यात. सकाळी गोळी गिळल्याशिवाय देत नाही. कापड दुहेरीच घालतो, वर खडूनं डावी-उजवी लिहितो. वकिलाचा कोट झाला, अंगात बसला.

‘तितकीशी नाही’ म्हणजे पायरी थोडी तरी सापडते, असं मी धरून चाललोय. चुकत असेन तर कळवू नकोस.

रक्तात साखर किती निघाली ते विचारू नकोस. सांगणार नाही.
मामा