धुक्यातलं व्हेनिस

प्रिय नीवेस,

शनिवारी तुझ्या दोन्ही लेकरांना व्हेनिस दाखवायला नेलं. तू जर्मनीला कामाला गेलीस तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, तुलियो माझ्या मागे लागला होता. धुकं असं दाटलं होतं की बोट पाण्यावरून चाललीय की ढगातून, तेच कळेना. घंटेचा मनोरा अर्धाच दिसत होता.

"मावशी, वरचा मनोरा कुठं गेला?" बीचेने विचारलं.

"तूच खाल्लास, खादाडे," तुलियो म्हणाला.

रियाल्टो पुलावर बीचेचा हात सुटला. वळून बघते तर सगळं पांढरं. तुलियोला ओढत, हाका मारत मी वेड्यासारखी धावले. मासळीबाजारात एका कोळणीने तिला खोक्यावर बसवून ठेवलं होतं.

"शहाणी आहे हो पोर," कोळीण म्हणाली. "अजिबात रडली नाही. म्हणाली, हिरव्या कोटातली माझी आई येईल शोधत."

हिरवा कोट माझा होता, नीवेस.

'मी मावशी तिची' असं सांगायला तोंड उघडलं, पण बीचे गळ्यात पडली आणि मी गप्प राहिले. तुझा फोटो मी तिला रोज दाखवते गं, शप्पथ. ईस्टरला तू मुलांना न्यायला येशील, तेव्हा त्यांच्या बॅगा मीच भरीन. पण परतीच्या बोटीत ती माझ्या मांडीवर झोपली होती, आणि उतरायचा धक्का येऊच नये असं मला वाटत होतं.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुला चित्राचं कार्ड पाठवीन, 'मुलांना व्हेनिस फार आवडलं' एवढंच लिहून.

तुझी ताई,
ओर्नेल्ला