मोहाच्या वासाचा सदरा

भिलाई, कॅम्प १
दि. १७ एप्रिल १९६०

ती. बाईच्या पायाशी धाकट्या देवाजीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

इकडे मी खुशाल आहे. बाई, जयंतीचं नाटक झालं अन् तुहा भाऊ कॅम्पभर गाजला! लहानपणी मंडईच्या जत्रेत दंडारीच्या खेळात मी बोलाचं विसरून रडाले लागलो होतो, त्याच्यावरून तू अजून मले चिडवतेस. आता चिडवून दाखव!

नाटक टिकारामनं लिहिलं. तो कारखान्याच्या कामावर माह्या गँगमधला जोडीदार, आपल्या साकोलीकडचाच. तो अन् त्याची बायको रुक्मा माह्या बाजूच्याच खोलीत राहातात. दारूपायी घर बुडवणाऱ्या माणसाचं नाटक, अन् तो दारुडा कोण, त मी! नागपूरले दीक्षा घेतल्यापासून ज्यानं थेंब चाखला नाही, त्याले हे काम! पण टिकाराम मोठा हट्टी. म्हणे, नुसत्या झोकांड्या खाऊन भागत नाही, वास पहिल्या ओळीपर्यंत गेला पाहिजे. त्यानं आपला जुना पट्ट्यांचा सदरा मोहाच्या दारूत भिजवला अन् माह्या अंगात घातला. मले त ओकारी येऊन राहिली होती. समोर बसलेल्या ठेकेदाराच्या मुन्शीनं नाकाले रुमाल लावला. शेवटी मी मेलेल्या लेकीजवळ बसून रडलो, त बायाबी रडल्या. दुसऱ्या दिवशी नळावर एक म्हातारी म्हणते कशी, बाबू, आता तरी सोड रे! सांग, काय म्हणावं तिले?

बुद्धपौर्णिमेले पुन्हा खेळ आहे. टिकारामनं बजावलं का सदरा धुवाचा नाही, वास राहू द्याचा. तो माह्या पेटीत गुंडाळून ठेवला आहे. कमलाच्या सोयरिकीचं काय झालं ते लिहिजो. भावजीले जयभीम. इथं मले तुह्या लोभाची भाकरीइतकी गरज लागते, तो कमी करू नको.

तुहा देवाजी

सोनेगाव, ता. साकोली
दि. ३० एप्रिल १९६०

चि. देवाजीले बाईचे लाख आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र कमला लिहून राहिली, अन् स्वतःच्याच लग्नाचं लिहावं लागते म्हणून लाजून राहिली. होय, सोयरीक पक्की झाली! लाखनीचे दौलतराव, तिथल्या बौद्ध मंडळाचे अध्यक्ष, त्यायचा पोरगा. माणूस मोठा कडक. पहिलंच विचारलं का घरात कोणी दारू पिते काय. मी ताठ मानेनं सांगतलं, आमच्या देवाजीले पाहा, असा माणूस तालुक्यात दाखवा. जूनच्या शेवटी मंगल परिणय आहे. मामा नसला त पोरीले कोण आणीन पुढं? सुटी आताच मागून ठेव.

तुह्या नाटकाचं ऐकून भावजी पोट धरून हासले. पण तो सदरा धुऊन टाक रे बापा. पेटीतल्या चांगल्या कपड्यायले वास लागीन. उन्हात टोपी घालत जा, अन् बाईले अशीच लांबलांब पत्रं लिहीत राहा.

तुही बाई, भागीरथा

भिलाई, कॅम्प १
दि. १५ मे १९६०

ती. बाईले देवाजीचा जयभीम.

बाई, टिकाराम गेला.

सहा तारखेले गर्डर उचलताना चेन तुटली. तो खाली होता. हातानं इशारा देणारा मी होतो. चेनची एक कडी ताणली होती, मी मुन्शीले दोनदा सांगतलं. म्हणे, एवढा गर्डर चढू दे, मंग बदलू. तू विचारशीन, तरी इशारा कावून दिला? नोकरीच्या भेवानं दिला, बाई. ते माह्यं पाप आहे अन् चौकशीत मी ते तोंडानं सांगतलं. ते कोणी लिहून घेतलं नाही.

मुन्शी म्हणे, हा दारुडा आहे, आम्ही सगळ्यायनं पाहिलं. मी म्हटलं, साहेब, ते नाटक होतं. म्हणे, नाटक एवढं खरं होत नाही. माही पेटी उघडली, त सदरा निघाला.

मंग ठेकेदारानं मले बाजूले नेलं. म्हणे, हा सदरा तुले ढिला आहे, टिकारामचा आहे नं? तेवढं लिहून दे का सदरा त्याचा, अन् तो पिऊन गर्डरखाली उभा राहिला. तुही नोकरी राहीन. नाही त दारू पिऊन माणूस मारला म्हणून कामावरून काढलेल्यायच्या फळ्यावर तुहं नाव लागीन. कागद त्यानं तयारच ठेवला होता.

सदरा टिकारामचाच आहे, बाई. पण तो काही प्याला नव्हता. मी सही केली नाही, कागद घेऊन घरी आलो. काल माह्यं नाव फळ्यावर लागलं.

माह्यावर लोभ आहे तसा राहू दे. सध्या दुसरं काही माह्याजवळ नाही.

देवाजी

सोनेगाव
दि. २९ मे १९६०

चि. देवाजीले आशीर्वाद, वि. वि.

तुहं पत्र यायच्या आधी बातमी आली. लाखनीचा एक जण तिथं कामाले आहे, त्यानं फळा वाचला. दौलतरावायनं निरोप धाडला का मामाचा खुलासा येईस्तोवर लग्न थांबवा. पाण्याले गेली त बाया बोलाच्या थांबतात. माही त मान वर होत नाही रे.

देवाजी, सही करून टाक. गेलेल्या माणसाले काय लागते बापा? सदरा त्याचाच आहे म्हणतो, मंग तेवढंच सांग. पोरीचं तोंड पाहा. तिच्या हळदीचं लुगडं घडी करून ठेवलं आहे.

अन् आणखी एक. रागावू नको. तू माह्या कडेवर वाढला, मले खरं सांगजो. एखाद्या दिवशी, थकूनभागून, घेतली होती काय रे थोडी?

तुही बाई

मामा, हात माहा आहे पण हे आई विचारते. मी नाही विचारत. — कमला

कुम्हारी
दि. ९ जून १९६०

ती. बाईले देवाजीचा जयभीम.

नाही, बाई. एक थेंबबी नाही.

एवढं लिहाले मले चार दिवस लागले. मुन्शी बोलला, कॅम्प बोलला, ते सहन झालं. हे तुले लिहून द्यावं लागीन असं वाटलं नव्हतं. राग आला नाही म्हणीन त खोटं होईन. लय राग आला, मंग रडू आलं.

मी आता कुम्हारीच्या वीटभट्टीवर आहे. तू सहीचं लिहिलं. रुक्माले सातवा महिना आहे. लेकराले बाप त दिसणार नाही, त्याचं नाव तरी चांगलं भेटलं पाहिजे. ज्यानं दारूविरुद्ध नाटक लिहिलं, त्याले मी दारुडा म्हणून लिहून देऊ? इशारा देऊन मी त्याले एकदा मारलं. सही करून आणखी मारू काय?

रुक्मालेबी वाटते का मी प्यालो होतो. चेनचं सांगाले गेलो त तिनं दार लावून घेतलं. तिचं काय चुकलं?

दौलतरावायले सांगजो का देवाजीचं अन् आमचं काही नातं राहिलं नाही. मी वाईट मानणार नाही. लग्न होऊ दे. कमलीले म्हणजो, मामानं तिची ओळ दहादा वाचली.

डोळे पिवळे दिसून राहिले, भट्टीच्या धुरानं असतीन. काळजी करू नको. मनात जागा ठेवजो.

देवाजी

भिलाई, कॅम्प १
दि. २८ ऑगस्ट १९६०

ती. भागीरथाबाईले टिकारामच्या रुक्माचा जयभीम.

मले लिहिता येत नाही. बाजूच्या गुलाबबाईकडून लिहून घेऊन राहिली.

देवाजीभाऊ कुम्हारीले वारले, तेव्हा त्यायची इथं खोलीत राहिलेली पेटी न्याले तुम्ही आल्या. पेटी डोक्यावर घेऊन माह्या दारावरून गेल्या. मी आतून पाहिलं, बाहेर आली नाही. कॅम्पातले म्हणून राहिले होते, कावीळ झाली, दारू पेणाऱ्याले होतेच. डॉक्टर म्हणे ही भट्टीवरच्या घाण पाण्याची कावीळ आहे. कोणी ऐकलं नाही. मीबी नाही ऐकलं.

त्या पेटीतलं तुम्ही धाडलेलं बोचकं भेटलं. सदरा पाहाताच ओळखला, कोपरावरचं ठिगळ माह्या हातचं आहे. ठेकेदाराचा कागद गुलाबबाईनं तीनदा वाचून दाखवला. खाली सहीची जागा कोरी. माह्या माणसाच्या नावासाठी त्यायनं आपलं नाव देऊन टाकलं, अन् मी त्यायच्या तोंडावर दार लावलं, बाई! अन् चेनचं मले त माहीत होतं. आदल्या दिवशी जेवताना टिकाराम बोलले होते. कोणी विचारलं नाही म्हणून मी बोलली नाही.

रविवारी विहारात सगळ्यायसमोर उभी राहून सांगतलं. बाया रडल्या. मंग त्यातलीच एक म्हणते, पण कावीळ त झालीच होती नं?

कमलानं लाखनीचं लग्न स्वतःच मोडलं असं तुम्ही लिहिलं. ती पोरगी एकटी शहाणी निघाली.

मले लेक झाली. अंगाले कापड नव्हतं म्हणून काल तो सदरा धुतला, झबलं शिवाले. गरम पाणी अन् मूठभर सोडा. एका धुण्यात वास गेला, बाई. एकाच धुण्यात. चार महिने तो तसाच होता, अन् आपल्यापैकी कोणी धुतला नाही.

लोभ मागाले मले तोंड नाही. पोरीसाठी मागते.

रुक्मा